सहा दहाची शिट्टी

३ जानेवारी

ही वही खात्याची आहे. निवृत्तीच्या दिवशी कपाटात तीन कोऱ्या वह्या सापडल्या, त्या घरी घेऊन आलो. एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या गळत्या शोधल्या. लोखंडी काठीचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून रस्त्यारस्त्याने फिरलो. सगळे मला कानसेन म्हणायचे, त्यात कौतुक किती आणि टर किती ते कधी कळलं नाही. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. वह्या बऱ्या आहेत.

आज आईने मला परत 'तुम्ही' म्हटलं. सकाळी तिच्या खोलीत गेलो, पडदा सरकवला, विचारलं, "झोप लागली का?" तर ती खुर्चीत सावरून बसली, डावा हात शालीखाली घेतला आणि म्हणाली, "हो. तुम्ही बसा." पोटच्या मुलाला अहो-जाहो. आठ महिन्यांपूर्वी तिला झटका आला, तेव्हापासून माझ्याशी ती दिवसाला चार शब्द बोलते, आणि तेही परक्या माणसाशी बोलावं तसे. धाकटी बहीण महिन्यातून एकदा येऊन तासभर बसते, तिला मात्र नावाने हाक मारते. मी रोज गोळ्या मोजून देतो, मला 'तुम्ही बसा'. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या गोष्टी समोर आणा. जुनी गाणी, जुने वास, जुने आवाज. कधी कधी माणूस त्या धाग्याने परत येतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आवाज आहे, बाबांच्या गाडीच्या शिट्टीचा.

गाडी बाबांनी घेतली तेव्हाच म्हातारी होती. हॉर्न होता तिला, पण बाबांना तो पसंत नव्हता. त्यांनी कुठूनशी पितळेची तीन नळ्यांची शिट्टी मिळवून ती धुराच्या पाइपावर बसवून घेतली. पायाशी पेडल. ते दाबलं की पाइपातली झडप फिरायची, इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे न जाता शिट्टीत घुसायचा आणि आगगाडीसारखा आवाज निघायचा. रोज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती कोपऱ्यावर वाजे, आणि गाडी घराशी येईपर्यंत फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी असत. बाबा ब्रेकला पाय लावत नसत. आई हातातलं टाकून धावायची. आईला मी धावताना पाहिलं ते तेवढंच, पण रोज पाहिलं. काय ओढ असेल.

आमच्या हिचं तसं नाही. मी घरात पाऊल टाकतो तेव्हा रेडिओ बंद असतो, चहा उकळत असतो, ही ओट्याशी उभी असते. शिस्त आहे, नाही म्हणत नाही. पण ओढ वेगळी.

तर ठरलं, शिट्टी बसवायची. ती वाजली की आई उठेल आणि मला ओळखेल. अडचण एवढीच की शिट्टी चोरीला जाऊन सेहेचाळीस वर्षं झाली.

५ जानेवारी

गाडी जॅकवर चढवून खाली शिरलो. बाबा गेल्यापासून गाडी माझ्याकडे आहे. धाकटीने त्या वेळी घरातला एक चमचासुद्धा नेला नाही. कसला एवढा ताठा, देव जाणे.

पाइपावर एका जागी काळी पट्टी गुंडाळलेली आहे. ती उष्णतेसाठी असेल असं मी इतकी वर्षं समजत होतो. आज सोडली तर खाली पितळेची चकती निघाली, रुपयाहून थोडी मोठी. सहा बारीक स्क्रू, सगळ्यांच्या खाचा एकाच दिशेला. चकतीखाली तांब्याचा वॉशर, कडेने लिंपण, आणि ते बोटाने इतकं सारखं केलेलं की नख अडकत नाही. शिट्टीचं भोक असं बंद केलंय. एकतीस वर्षांत माझ्या हाताखाली पन्नास फिटर गेले, एकालाही असा जोड जमला नाही.

हे काम बाबांची गाडी दुरुस्त करायचा त्या मिस्त्रीचंच असणार. त्या उन्हाळ्यात बाबा आठ दिवस बाहेरगावी गेले होते आणि गाडी मिस्त्रीकडे होती. बाबा परतले तेव्हा शिट्टी गायब. त्यांनी भर चौकात मिस्त्रीची कॉलर धरली. तो एवढंच म्हणाला, "हो, माझ्याकडून गेली." चोर तो चोर. बाबांच्या ओळखीचं एकही गिऱ्हाईक नंतर त्याच्या दारात गेलं नाही. मी बारा वर्षांचा होतो. शाळेतून येताना आम्ही त्याच्या दुकानावरून 'शिट्टीचोर' असं ओरडत पळायचो.

मात्र चोराने जाताना दाराला कडी लावून जावं तसं हे काम आहे. इतका जीव कशाला लावला असेल?

८ जानेवारी

धाकटीला फोन केला. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "दादा, ती शिट्टी बसवू नकोस."

"का?"

"आईला त्रास होईल."

"आईला काय होतं ते तुला महिन्यातून एकदा येऊन कळतं, आणि मी रोज इथे असतो मला कळत नाही, असंच ना?"

"तुला खरंच आठवत नाही की आठवायचं नाही?"

मी फोन ठेवला. धाकटीचं पहिल्यापासून असंच, राईचा पर्वत. भित्री तर इतकी की नऊ वर्षांची घोडी होईपर्यंत अंथरूण ओलं करायची. डॉक्टर झाले, औषधं झाली, बाबांचा मार झाला, काही उपयोग नाही. मग शिट्टी गेली त्या उन्हाळ्यात आपोआप थांबलं. आणि आता ती मला आठवणी शिकवणार.

आमची ही मधेच म्हणाली, "आई दुपारच्या बोलतात हो कधी कधी. परवा तर त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगितली, मास्तरीण खुर्चीवरून पडली ती." मी म्हटलं, तुला भास होतात. माझ्यासमोर जिला पाणी मागायला शब्द सापडत नाही ती गोष्टी कसल्या सांगते? ही परत भाजी निवडायला लागली. वाद घालायची सवय नाही हिला, हे एक बरं आहे.

११ जानेवारी

मिस्त्रीकडे गेलो. घोडं अडलं की कुणाचेही पाय धरावे लागतात. पाय अर्थात मी धरले नाहीत.

दुकान बाजारामागच्या गल्लीत, तिथेच. दारावर जुने सायलेन्सर टांगलेले, आत एकच दिवा. म्हातारा स्टुलावर बसून वर्तमानपत्रावर वॉशर मांडत होता. ऐंशी उलटली असेल, पण हात कापत नाही. मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाला, "उभं राहण्यावरून ओळखलं. बापासारखाच उभा राहतोस, दार अडवून."

मी सरळ विषयाला हात घातला. "बाबांच्या गाडीची शिट्टी. असेल तर हवी आहे."

"आहे की."

शरम नाही, लाज नाही. उठला, वरच्या फळीवरून पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. आत तेलाच्या फडक्यात तीन नळ्या, कालच घासल्यासारख्या पिवळ्याधमक.

"म्हणजे चोरलीत ते खरं."

"तुझे बाबा चौकात म्हणाले, मी हो म्हटलं. निकाल लागलेला खटला तू कशाला उकरतोस?"

"मग नव्हती चोरली?"

"ठेव होती. ठेवणारीने सांगितलं होतं, विचारलं तर चोरीला गेली म्हणा. म्हटलं."

"कोण ठेवणारी?"

त्याने वॉशर परत मांडायला घेतले. मग विचारलं, "आई कशी आहे तुझी?"

मी सांगितलं. झटका, खुर्ची, ओळखत नाही, आणि शिट्टी कशासाठी हवी तेही. तो ऐकत राहिला. डबा त्याच्या मांडीवर होता, तो मात्र लगेच देईना.

"घेऊन जा. तुमचीच आहे, मरायच्या आधी चोरीचा माल घरी पोचलेला बरा. कपाटात ठेव, काचेत ठेव. पाइपावर चढवू नकोस."

"का पण?"

"मी लिंपलेलं सहसा कोणी उघडत नाही."

चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या. ठेवणारी म्हणे. असेल कुणीतरी त्याची, तिच्या नावावर पावती फाडतोय झालं. म्हातारपणी मन खातं माणसाला, म्हणून डबा दिला. मी आभार मानले नाहीत.

१४ जानेवारी

सहा स्क्रू सुटायला दोन तास लागले. चकती निघाली ती भंगाराच्या ट्रेमध्ये टाकली. भोकाची कड घासून साफ केली, नवं पॅकिंग कापलं, सायलेन्सरला लावतात ती पेस्ट भरपूर भरली, शिट्टी बसवून क्लॅम्प आवळला. पेडल चटईखाली शाबूत होतं. तार गंजली होती, तिथे सायकलच्या ब्रेकची घातली.

गॅरेजचं दार लावून घेतलं होतं आणि हिला बजावलं होतं, काम चालू असताना दार उघडायचं नाही. जेवायला उशीर झाला. ताट झाकून ठेवलं होतं, ही उपाशी बसली होती. मी म्हटलं, जेवून घ्यायचं होतंस. पण घेतलं असतं तर आवडलं नसतं हेही खरं.

१६ जानेवारी

आज पहिल्यांदा वाजवली. सपशेल फजिती. तीन सुरांच्या जागी एक फुसफुस, दमेकरी जिना चढतोय तशी. म्हणजे धूर शिट्टीत पोचायच्या आधी कुठूनतरी पळतोय. कुठून ते कळावं म्हणून गाडी चालू ठेवून आतच बसलो आणि कान लावला. दार बंद, खिडकी बंद, म्हणजे बाहेरचे आवाज नकोत. मला, गळतीवाल्याला, हे सुचू नये की गळतोय तो धूर माझ्याच पायाखालच्या फळ्यांतून वर येतोय.

डोकं जड झालं. जरा डोळे मिटावेत असं वाटलं. पुढचं आठवतं ते एकदम उजेड, दार उघडं आणि ही मला बगलेत धरून ओढतेय. बाहेर येऊन ओकलो.

"कधीपासून बाहेर उभी होतीस?" मी विचारलं.

"तुमचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं तेव्हापासून. फटीतून दिसत होतं."

"मग दार का नाही उघडलंस?"

"तीनदा वाजवलं. तुम्ही म्हणाला होतात, उघडायचं नाही."

"मी मेलो असतो तर?"

ती पदराने माझं तोंड पुसत होती. म्हणाली, "रागावला असता तर?"

अक्कल म्हणून नाही. मी चांगलाच बोललो तिला. अशा बावळटपणाने एखाद्याचा जीव जायचा.

१७ जानेवारी

डोकं अजून ठणकतंय. काही नाही केलं.

१९ जानेवारी

चूक सापडली. खात्याची ती लोखंडी काठी माळ्यावरून काढली, टोक पाइपावर ठेवून कान लावला, या वेळी दोन्ही दारं उघडी टाकून. क्लॅम्पच्या मागच्या अंगाला बारीक चुर्र ऐकू येत होतं. साबणाचं पाणी सोडलं तर तिथेच बुडबुडे.

चूक माझ्या धंद्याची आहे. पाण्याचा जोड एकदा आवळला की संपलं. धुराचा जोड तापतो, फुगतो, सैल पडतो. तो गरम असताना परत आवळावा लागतो. पाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? मिस्त्रीला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. नाही विचारलं.

तांब्याचा वॉशर शेगडीवर लाल करून पाण्यात टाकला, मऊ झाला. पेस्ट खरवडून पातळ थर दिला. दहा मिनिटं इंजिन, मग पाना. परत दहा मिनिटं, परत पाना. आता रात्रभर वाळू दे.

२१ जानेवारी

पाइपाच्या मागच्या तोंडात ओलं फडकं कोंबून इंजिन चालू केलं. धुराला वाट नाही, जोडातून चुर्र नाही, इंजिन गुदमरून बंद पडलं. म्हणजे जोड पक्का. मिस्त्रीपेक्षा काकणभर सरसच म्हणेन.

धाकटीला निरोप दिला, रविवारी सहा दहाला ये आणि डोळ्यांनी बघ. तिचं उत्तर दोन शब्दांत: "नको, दादा." नाही तर नाही. तिच्यावाचून काही अडलेलं नाही. आई सगळ्यांसमोर मला नावाने हाक मारेल तेव्हा मात्र तिने तिथे असावं असं वाटत होतं.

२४ जानेवारी

वाजली. अगदी तशीच वाजली. आज यापुढे लिहवत नाही.

२५ जानेवारी

काल जे झालं ते क्रमाने लिहितो. खात्यातही आम्ही असंच लिहायचो, आधी जागा, मग वेळ, मग काय दिसलं.

साडेपाचला हिने आईला पुढच्या खोलीत खिडकीशी बसवलं. मी गाडी काढली, एक चक्कर मारून इंजिन तापवलं. सहा दहाला कोपऱ्यावर आलो आणि पेडल दाबलं. तीनही सूर एकदम सुटले, स्वच्छ, कुठे थरथर नाही. भाजीवाल्या बाईने कानावर हात ठेवले. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. वळलो, तर फाटक उघडत होतं.

आई होती. आठ महिन्यांत जी हिच्या खांद्याशिवाय दोन पावलं टाकत नव्हती, ती अनवाणी, शाल कुठेतरी पडलेली, डावं दार ओढत होती. ही मागून धावत येत होती, पण पोचली नव्हती. मी मनात म्हटलं, ओळखलं. आणि त्या भरात बाबांसारखाच ब्रेकवर पाय नेला नाही. शेवटच्या क्षणी दाबला. आईपासून गाडी हातभर अंतरावर थांबली.

मी खाली उतरलो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बोलली. आठ महिन्यांत माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

"उघडलं, झालं, उघडलं. हात ओला होता, कडी निसटली. पोरांना काही बोलू नका. त्यांचा काही दोष नाही, माझीच चूक. तुम्ही आत चला."

डावा हात तिने काखेत दाबून धरला होता. तिच्या पायाशी फरशी ओली झाली होती. मला आधी वाटलं, पाणी सांडलं.

हिने तिला शाल पांघरली, आत नेलं, अंघोळ घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडी आत घेतली, फाटक लावलं. त्या फाटकाच्या डाव्या दाराची एक सळई वाकलेली आहे. दरवर्षी तिच्यावरून रंगाचा हात फिरवतो, पण ती का वाकली हे कधी मनात आलं नव्हतं.

रात्री ताट वाढताना हिने खाली बघूनच विचारलं, "उद्यापासून फाटक मी उघडू का? आईंना झेपणार नाही."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. मी ताट बाजूला सारलं.

२६ जानेवारी

धाकटी आली. हिने फोन केला असणार, मी नाही केला. आईच्या खोलीत बराच वेळ होती. मग गॅरेजमध्ये आली आणि गाडीच्या पायरीवर बसली. मी तयारीत होतो. ती ओरडेल, मग मीही ओरडेन, म्हणजे बरोबरी होईल. ती ओरडली नाही.

"आईची करंगळी कशी मोडली, माहीत आहे तुला?"

"फाटकात सापडली. वेंधळेपणाने."

"हे बाबा सांगायचे. त्या दिवशी कडी अडकली होती. आईचा हात कडीवर, आणि बाबांनी गाडी थांबवली नाही. बंपर दारावर, दार आईच्या हातावर. मी पायरीवर होते. तू वर गॅलरीत होतास, दादा."

"मग?"

"तू टाळ्या वाजवत होतास. शिट्टी वाजली की रोज वाजवायचास."

मी हातातला पाना पुसायला घेतला.

"बोट बांधलेलं असतानाही ती रोज धावत होती. मग बाबा बाहेरगावी गेले. आई मला घेऊन मिस्त्रीकडे गेली. म्हणाली, ही काढा आणि अशी बुजवा की परत कुणाला बसवता येऊ नये. ते म्हणाले, साहेब विचारतील तर? आई रडायला लागली. तेव्हा तेच म्हणाले, चोरीला गेली म्हणू, मी बघतो काय ते. डबा माझ्या हातात होता. बिस्किटं मी खाल्ली होती."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू बाबांना सांगितलं असतंस."

बाराव्या वर्षी मी नक्की सांगितलं असतं, आणि पुढे कितव्या वर्षापर्यंत सांगितलं असतं तेही मला ठरवता येत नाही. ती गेल्यावर मी बोट आठवायचा प्रयत्न केला. टाळ्या आठवतात. वरून दिसणारं गाडीचं टप, त्यावरची चकाकी, शिट्टीचा धूर, सगळं आठवतं. बोट आठवत नाही.

२८ जानेवारी

शिट्टी काढली. डबा घेऊन मिस्त्रीकडे गेलो. या वेळी दारात उभा राहिलो नाही, आत जाऊन बाकावर बसलो.

"वाजली?" त्याने विचारलं.

"वाजली."

"धावली?"

मी मान हलवली. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

माफी मागायचं मी घरून ठरवून गेलो होतो. वाक्यसुद्धा ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते, "भोक परत बुजवायचंय. तुम्ही कराल का?"

"नाही. माझं काम मी केलं होतं. ज्याने उघडलं त्यानेच लिंपावं."

"आम्ही तुमच्या दुकानावरून ओरडत जायचो."

"माहीत आहे. तुझा आवाज सगळ्यात मोठा होता." मग म्हणाला, "चकती टाकली नाहीस ना? तीच लाव. आणि गरम असताना परत आवळ."

डबा त्याने ठेवून घेतला. फळीवर, पूर्वीच्याच जागी. डब्याच्या आकाराची स्वच्छ जागा तिथे धुळीत तशीच राहिली होती.

३० जानेवारी

चकती भंगाराच्या ट्रेमधून शोधून काढली, घासली, बसवली. सहा स्क्रूंच्या खाचा एका दिशेला आणायला गेलो, चारच आल्या. दहा मिनिटं इंजिन, मग पाना, असं तीनदा. वरून पट्टी गुंडाळली. काठीने ऐकलं, कुठे काही गळत नव्हतं. एवढ्यापुरतं काम बरं झालंय.

संध्याकाळपर्यंत लागेल असं वाटलं होतं, साडेतीनलाच संपलं. बूट ग्रीसने भरले होते ते गॅरेजमध्येच काढले आणि मोज्यांवर मागच्या दाराने घरात आलो. त्या दाराने मी कधी येत नाही.

रेडिओ चालू होता, मोठ्याने. कुठलंतरी जुनं गाणं होतं आणि आमची ही त्याच्याबरोबर गात होती. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, ही गाते हे मला माहीत नव्हतं. मधेच थांबून हसली, आणि आणखी कुणीतरी हसलं. आई. आई म्हणत होती, "अगं, आणि खुर्चीचा पाय आम्हीच कापून ठेवला होता. मास्तरीण बसली ती थेट जमिनीवर. मी आपली पुस्तकात तोंड घालून." सलग, एकही शब्द न अडता. ही म्हणाली, "तुम्ही कापला? आई, तुम्ही?" आणि दोघी परत हसायला लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या अलीकडे उभा होतो. पुढे व्हावं असं वाटलं. मला पण सांग, असं म्हणावं. एक पाऊल टाकलं आणि खिशातला पाना दाराच्या चौकटीला लागला.

रेडिओ बंद झाला. खुर्ची सरकली, नळ सुटला, भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. हिने विचारलं, "आलात का? चहा टाकलाय." आई काहीच बोलत नव्हती. न बघता मला कळलं की तिचा डावा हात आता शालीखाली गेला असेल.

आलो तसाच मागच्या पावली गॅरेजमध्ये आलो आणि गाडीत बसलो. दोन्ही दारं उघडी ठेवून कान लावला. रेडिओ परत लागायला चाळीस मिनिटं लागली.